पाचवं बटण

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. अप्पा टर्नर होते, बेळगावच्या उद्यमबागेत त्यांचं दोन लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे दसऱ्यापेक्षा त्याच्या आदल्या दिवसाचीच घरात जास्त धावपळ असायची. २०१६ च्या डिसेंबरात अप्पा गेले. पुढच्या वर्षी सण नव्हता. २०१८ ला मी त्यांच्या पेटीवर वरूनच हळद-कुंकू वाहायला लागलो, तेव्हा आई म्हणाली, "बंद पेटीची कसली पूजा? बाहेर काढ हत्यारं. पूस एकेक."

मायक्रोमीटर निघाला, व्हर्नियर निघाला, कानशींचा जुडगा निघाला, टॅप-डायचा संच निघाला. सगळ्यात खाली, प्लॅस्टिकमध्ये घालून वरून वर्तमानपत्र गुंडाळलेलं एक जड पुडकं होतं. आत रेडिओ. आमच्या फियाटचा, मूळचा. आणि त्याला तांब्याच्या तारेनं बांधलेले पत्र्याचे दोन तुकडे, पत्त्याच्या अर्ध्या पानाएवढे. दोन्हीला एकेक गोल भोक. एका बाजूला आकाशी रंग अजून शाबूत होता.

ते तुकडे मी ओळखले. ते मीच कापले होते, १९९४ साली. मी कापले तेव्हा त्यांच्या कडा करवतीनं फाटल्यासारख्या झाल्या होत्या, बोटाला लागतील अशा. आता त्या गुळगुळीत होत्या. कुणीतरी सावकाश बसून त्या कानशीनं घासल्या होत्या. आमच्या घरात ते काम करणारा माणूस एकच होता.

गाडी १९७२ ची. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली फियाट, १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगला लागून गिअरची दांडी, पुढे एकसंध बाक. हीच गाडी १९७४ पासून पद्मिनी नावानं विकली गेली, पण आमच्या गल्लीत तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत. अप्पांनी ती १९८० मध्ये टिळकवाडीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. नवीन गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागण्याचा तो काळ, त्यामुळे चांगली ठेवलेली जुनी गाडी मिळणं हेच नशीब. नंबर एमवायने सुरू होणारा, म्हैसूर राज्याचा. त्या राज्याचं नाव १९७३ साली कर्नाटक झालं. आमच्या गाडीच्या पाटीवर मात्र म्हैसूरच राहिलं.

रेडिओ त्या काळी गाडीबरोबर सर्रास मिळायचा नाही. हौस असेल त्यानं वेगळा बसवून घ्यायचा, आणि वर पोस्टात दरवर्षी पैसे भरून त्याचा परवाना काढायचा. परवान्याची ती पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन यांनी मोटारीसाठी रेडिओ काढला आणि त्याला मोटोरोला नाव दिलं, पुढे कंपनीचंही तेच नाव झालं. तेव्हाचे संच व्हॉल्व्हचे. बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टेजचे शेकड्यांत व्होल्ट करायला आत एक थरथरणारी पट्टी असायची, तिची गुणगुण गाण्याखाली सतत ऐकू यायची म्हणतात. आमचा त्या मानानं पुढच्या पिढीचा, ट्रान्झिस्टरचा. खटका फिरवला की लगेच बोलायला लागणारा.

डावीकडे आवाजाचं बटण, उजवीकडे स्टेशन लावायचं, मध्ये काच आणि काचेखाली हस्तिदंती रंगाची पाच बटणं. या पाच बटणांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलांना बटण म्हटलं की आत एखादी चिप असेल असं वाटतं. इथे तसलं काही नव्हतं. घरच्या रेडिओत स्टेशन लावताना गँग कंडेन्सरची पानं फिरतात. मोटारीच्या हादऱ्यात ती पानं थरथरून स्टेशन हललं असतं, म्हणून मोटारीच्या रेडिओत तारेच्या गुंडाळ्यांमध्ये फेराइटच्या कांड्या आत-बाहेर सरकवतात. कांडी जितकी आत, तितकी फ्रिक्वेन्सी खाली. आणि प्रत्येक बटणामागे एक लोखंडी जीभ असते. हातानं नीट स्टेशन लावायचं, बटण बाहेर ओढायचं, मग जोरात आत दाबायचं. ती जीभ त्या जागी आवळली जाते. पुढे कधीही ते बटण दाबलं की ती कांड्यांना ढकलून बरोबर त्याच जागी नेते. खाट्‌ असा आवाज होतो आणि काटा उडी मारतो. विजेचा संबंधच नाही. बॅटरी काढली तरी रेडिओला सगळं आठवतं.

एक नंबरला धारवाड. ७६५ किलोहर्ट्झ, दोनशे किलोवॉटचं केंद्र, बेळगावपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. एरियल खाली असली तरी लागायचं. दोन नंबरला सांगली. १२५१ किलोहर्ट्झ, काट्याच्या पार उजवीकडे, वीस किलोवॉटचं. ते शोधावं लागायचं. एरियल पूर्ण वर, गाडी विजेच्या तारांपासून लांब, आणि मग खरखरीच्या मागून माणसं बोलायला लागायची. तीन नंबरला पुणे, ७९२ वर, म्हणजे धारवाडच्या अगदी अंगाला अंग लावून. दिवसा धारवाडचा आवाज त्याच्यावर चढायचा, पुण्याचं निवेदन आणि खाली कन्नड गाणं, असं एकदम. चार नंबरला मुंबईची विविधभारती, जी अंधार पडल्यावरच यायची. सूर्य मावळला की आकाशातला लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो, आणि मग मध्यम लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. हे मला शाळेत कळलं. अप्पांना ते शाळेशिवाय माहीत होतं. "दिवस बुडू दे, मग लागतंय बघ," म्हणायचे.

बेळगावात मराठी घरात वाढलेल्या माणसाला त्या काचेवरचा पहिला आणि दुसरा नंबर काय होते, ते वेगळं सांगायला नको. तरी सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूरला जोडलं. माझे आजोबा तेव्हा चाळिशीत होते. दर वर्षी त्या तारखेला ते दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालत, गुडघे गेल्यावरही. बेळगाव म्हैसूरकडेच ठेवा म्हणणारा महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आला त्या दिवशी घरात चूल पेटली नाही असं आज्जी सांगायची. आजोबांच्या समोर धारवाड केंद्र लागलेलं त्यांना खपत नसे. त्यात रागापेक्षा दुःख जास्त होतं, आणि ते दुःख खरं होतं. आपल्या भाषेचा आवाज कष्टानं शोधावा लागतो आणि दुसरा न बोलावता घरात भरतो, हे त्यांना रोज त्या काट्यावर दिसायचं.

अप्पांचं जग वेगळं होतं. वर्कशॉपमध्ये निम्मी माणसं कन्नड बोलणारी, गिऱ्हाइकं हुबळी-धारवाडची. शिवाय त्यांना गाण्याचा कान होता. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते, आणि सकाळच्या शांत वेळी त्या केंद्रावर जे गाणं लागायचं ते दुसरीकडे ऐकायला मिळत नसे. कुमार गंधर्व तर आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. अप्पांनी आजोबांशी या विषयावर कधी वाद घातला नाही. आजोबा गाडीत बसले की ते दोन नंबर दाबायचे. आजोबा उतरले, दार लागलं, की खाट्‌, एक नंबर. आरशात बघून मला काही खूण करावी, हसावं, असंही नाही. वडिलांचा मान आणि स्वतःचा कान, दोन्ही त्यांनी एका बोटाच्या अंतरावर सांभाळलं.

पाचव्या बटणाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. बेळगावात ते दाबलं की नुसती सळसळ.

मी १९९४ ला पहिल्या नोकरीला लागलो आणि पहिल्या तीन पगारांतून कॅसेट प्लेअर आणला. नव्या जमान्याच्या सगळ्या संचांना लागणारी खिडकी एका मापाची, १८२ बाय ५३ मिलिमीटर. आमच्या डॅशबोर्डला मध्ये काचेपुरती खिडकी आणि दोन बाजूंना दांड्यांसाठी दोन भोकं. बसायचं कसं? अप्पा पुण्याला माल पोचवायला गेले होते. मी एका रविवारी हॅक्सॉचं पातं फडक्यात धरलं आणि खिडकीपासून दोन्ही भोकांच्या पलीकडपर्यंत पत्रा कापून काढला. तीन तास लागले. रेषा वाकडी गेली, पण प्लेअरच्या चौकटीखाली झाकली जाईल एवढीच.

अप्पा आले, गाडीत बसले, बघितलं. प्लेअर लावला तो त्यांनी पूर्ण एक गाणं ऐकला. मग म्हणाले, "पत्रा कापायच्या आधी विचारला असतास तर मार्किंग करून दिलो असतो की."

एवढंच. मला त्या वाक्यात तेव्हा नापसंती ऐकू आली नव्हती. मला वाटलं, मापाबद्दल बोलतायत. चोवीस वर्षांनी पेटीसमोर बसून ते दोन तुकडे हातात घेतले तेव्हा कळलं, की ते खरंच मापाबद्दलच बोलत होते. त्यांचं सगळं आयुष्य काढून टाकलेलं लोखंड परत जोडता येत नाही या हिशेबावर चाललं होतं. लेथवर शतांश मिलिमीटर जास्त गेला की तो तुकडा भंगारात. म्हणून ते आधी मार्किंग करत, दोनदा बघत, मग पातं लावत.

त्या भोकात पुढे कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, ब्लूटूथ आलं. शेवटच्या संचानं मला खरा त्रास दिला. घड्याळ आणि आठवण जागी ठेवायला तो बंद असतानाही थोडी वीज पीत राहायचा. रोज चालणाऱ्या नव्या गाडीत हे कळत नाही. पण जिला डायनामो आहे, जी महिन्यातून दोनदा बाहेर निघते, तिची बॅटरी दर वेळी बसलेली. ढकलून चालू करायची.

पुडकं सापडलं त्याच आठवड्यात मी चौकशी सुरू केली. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या एका मित्रानं सुचवलं, की मुंबईला पाठव, तिथं जुन्या रेडिओचं पोट रिकामं करून आत नवीन बोर्ड बसवतात. बाहेरून तीच काच, तीच बटणं, आत ब्लूटूथ आणि एफएम. वाईट कल्पना नाही. ज्यांचा मूळ संच पार सडलेला आहे त्यांनी करावं. मीही जवळजवळ पाठवणारच होतो. पण त्याला विचारलं, "मग ती पाच बटणं काय करतील?" तर म्हणाला, "पुढचं गाणं, मागचं गाणं, थांबा, असं काहीतरी जोडून देतील." तिथे माझा हात थांबला.

बेळगावच्याच शहापुरात, जिथे अजून मागांची खटखट ऐकू येते अशा एका गल्लीत, एक म्हातारे मेस्त्री आहेत. दुकानाला पाटी नाही. लोक आता त्यांच्याकडे मिक्सर आणि पंखे आणतात. मी पुडकं टेबलावर ठेवलं. "काय आणलासा?" म्हणत त्यांनी वर्तमानपत्र सोडलं आणि त्यांचा चेहराच बदलला. झाकणाचे चार स्क्रू काढून त्यांनी आत नुसतं बघितलं, पाच मिनिटं, हात न लावता. मग पहिला प्रश्न: "चालू करून बघितलासा काय?"

बघितला नव्हता. बरं झालं म्हणाले. या संचांना स्पीकर न जोडता वीज दिली तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो, आणि तो जर्मेनियमचा, आज बाजारात मागून मिळणारा नाही. तारा उलट्या लागल्या तरी तेच. आमच्या फियाटमध्ये बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला आहे, पण जुन्या ब्रिटिश घाटाच्या कित्येक गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असायचा, आणि एकीचा रेडिओ दुसरीत बसवून लोकांनी चांगले संच मारलेले त्यांनी पाहिले होते.

"सेट चांगलाय," शेवटी म्हणाले. "खरं कंडेन्सर वाळल्यात. वाळणारच, पन्नास वर्षं झाली की."

मी चार शनिवार त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांनी एकेक करून आतले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर बदलले. त्यांच्यातला ओलावा वर्षानुवर्षांत उडून जातो, मग रेडिओ घोगरा होतो, गुणगुणतो, शेवटी गप्प होतो. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरला उष्णता सोसत नाही, म्हणून त्याच्याजवळ सोल्डरचा डाग देताना ते त्याचा पाय नाकाड्या पकडीत धरायचे, म्हणजे ताप पकडीत उतरतो. आवाजाच्या बटणातला गंज साफ केला. स्पीकरचा कागद कसरीनं खाल्ला होता, तो मात्र बदलला, तितक्याच ओहमचा शोधून.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी संच टेबलावरच्या बॅटरीला लावला, एक वायर खिडकीबाहेर टाकली आणि मला म्हणाले, "दाबा."

मी एक नंबर दाबला. खाट्‌. धारवाड. दुपारच्या कन्नड बातम्या, घोटीव, भरदार आवाजात. ज्या जागी अप्पांनी जीभ आवळली होती, त्याच जागी काटा जाऊन उभा राहिला होता, केसाचाही फरक नाही. मला दोन नंबर दाबायचं धाडस होईना. मेस्त्रींनीच दाबलं. खिडकीतल्या वायरीवर सांगली फार बारीक लागलं, पण लागलं.

अप्पांचा आवाज आमच्याकडे कुठेही साठवलेला नाही. त्यांचे फोटोही लग्नांतले, गर्दीतले. वही लिहायची सवय नव्हती. त्यांच्या बोटाचा जोर तेवढा त्या संचात राहिला होता, आणि मी तो मुंबईला पाठवून काढून टाकणार होतो.

पाचवं बटण दाबलं तर सळसळ. काटा सांगलीच्या थोडा डावीकडे, अकराशेच्या पुढे थांबलेला. चार नंबरची विविधभारतीही दिवसा सळसळतच होती, पण ती ११८८ वर आहे हे मला ठाऊक होतं. हे तिच्याही अलीकडे. मी म्हटलं, "हे रिकामं दिसतंय. इथे एखादं दुसरं स्टेशन बसवू या का?"

मेस्त्रींनी संच माझ्यापासून लांब ओढला. "कोण रिकामं बटण आवळून ठेवतंय? बसवलेत म्हंजे कुठंतरी लागत असणार. तुम्ही तिथं गेलासा की लागंल."

डॅशबोर्डचं काम उद्यमबागेतच झालं, अप्पांकडे शिकलेल्या एकानं केलं. ते दोन तुकडे परत जागेवर बसवायचे. पण कापताना पात्याच्या जाडीएवढा पत्रा कीस होऊन गेलेला, शिवाय अप्पांनी कडा घासलेल्या. तुकडा धरला की चारी बाजूंनी उजेड दिसायचा. त्यानं त्या फटीत बसतील अशा बारीक पट्ट्या कापल्या, आधी ठिपक्या-ठिपक्यांनी जोडल्या, प्रत्येक ठिपक्यानंतर ओलं फडकं लावून थांबला. पातळ पत्र्याला एकदम ताप दिला की तो लाटेसारखा वाकतो, मग काही केलं तरी सरळ होत नाही. मग घासणं, पुट्टी, प्राइमर, आकाशी रंग. आता वरून काही दिसत नाही. डॅशबोर्डच्या मागून हात घातला की मात्र जोडाची रेघ बोटाला लागते. ती घासू का, असं त्यानं विचारलं होतं. राहू दे म्हटलं.

रेडिओ बसला, इंजिन चालू केलं, आणि नुसती कडकड. ॲक्सिलरेटर दाबला की कडकड दाट व्हायची, तिच्या मागे डायनामोची शीळ चढत जायची. प्लगची प्रत्येक ठिणगी मध्यम लहरींवर ऐकू येते. ती दाबायला कॉइलला कंडेन्सर, डायनामोला कंडेन्सर, बॉनेटपासून बॉडीला विणलेल्या तारेची पट्टी. हे सगळं मुळात गाडीत होतं. मधल्या वर्षांत कुणाकुणा गॅरेजवाल्यांनी निरुपयोगी समजून काढून टाकलं होतं, कारण कॅसेटला आणि ब्लूटूथला त्याची गरज लागत नाही. ते परत बसवलं तेव्हा आवाज निवळला. तरी शहरात आता पूर्वीसारखं ऐकू येत नाहीच. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळे त्याच लहरींवर सळसळ सोडतात. पेट्रोल पंपाच्या छताखाली तर सांगली पूर्ण बुडते.

शेवटचं एक काम गाडी बाहेर नेऊनच करायचं असतं. रेडिओला एरियलशी जुळवून घेण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. एरियल पूर्ण वर काढायची, काट्याच्या वरच्या टोकाकडचं एखादं अशक्त स्टेशन लावायचं, आणि आवाज सगळ्यात मोठा होईल तिथपर्यंत तो स्क्रू हलकेच फिरवायचा. बलवान स्टेशनवर हे करून उपयोग नसतो, ते कसंही लागतं. म्हणजे आमच्या भागात हे काम धारवाडवर होत नाही, सांगलीवर होतं. वेंगुर्ला रस्त्यावर बाचीच्या पुढे, शिनोळीच्या अलीकडे, जिथं राज्य बदलायला अजून थोडं अंतर असतं, तिथं उसाच्या कडेला गाडी लावून मी तो स्क्रू फिरवला. खरखरीतून एक बाईंचा आवाज पुढे आला, आला, आणि नीट समोर येऊन उभा राहिला. आजोबांना हे ऐकवता आलं असतं तर, असं फार वाटलं. इतकी वर्षं ते त्या आवाजासाठी ताटकळले. आमचा स्क्रूच चुकीच्या जागी होता की काय कोण जाणे.

मुलीच्या फोनसाठी मेस्त्रींनी आवाजाच्या बटणाला मागून एक वायर जोडून दिली आहे, डॅशबोर्डच्या खाली तिचा सॉकेट आहे. एकही भोक पाडलं नाही, दोन डाग उसकले की रेडिओ पूर्वीसारखा. मला हे मान्य आहे. तिची गाणी तिला हवीत, आणि तीही त्या जुन्या रेडिओतून ऐकायला तिला आवडतात. पण पोट रिकामं करणं आणि बाजूला एक दार ठेवणं यांत मला फार अंतर वाटतं. आणि हेही खरं, की गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचे मध्यम लहरींचे बरेच प्रक्षेपक बंद झाले. एक दिवस ही पाचही बटणं सळसळतील. त्या दिवशीसुद्धा मी तो संच काढणार नाही, कारण अप्पांनी काटा कुठे थांबवला होता ते काचेवर दिसत राहील.

आईला घेऊन आंबोलीला गेलो ते त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर. तिचं माहेर कणकवलीजवळचं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. अप्पा तिला दर मे महिन्यात आणि गणपतीला याच रस्त्यानं पोचवायचे. मी मागच्या बाकावर झोपलेला असायचो, त्यामुळे मला त्या प्रवासातले आंबोलीचे गार वारे आठवतात, बाकी काही नाही.

बेळगावहून निघालो तेव्हा धारवाड लावलं होतं. शिनोळी गेलं, पाटणे फाटा गेला, धारवाड हळूहळू पातळ होत गेलं. आंबोलीत शिरलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. घाट उतरायच्या आधी चहाला थांबलो. आई गाडीतच बसून राहिली, शाल गुंडाळून. मी चहा तिच्या हातात दिला आणि आत बसताना, का ते सांगता येणार नाही, पाचवं बटण दाबलं.

खाट्‌. थोडी सळसळ. मग तिच्यामागून पुरुषाचा मराठी आवाज, जवळ येत, लांब जात, परत जवळ येत. मच्छीमारांसाठी सूचना चालू होत्या. वाऱ्याचा वेग, समुद्राची स्थिती. ११४३ किलोहर्ट्झ, आकाशवाणी रत्नागिरी.

मी एरियलकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. ती चहा फुंकत ऐकत होती, तिला काही नवल वाटल्याचं दिसत नव्हतं. मी तिला म्हटलं, "आई, हे अप्पांनी बसवलेलं बटण आहे. खास. बेळगावात हे लागतच नाही."

तिनं कप खाली घेतला. काचेतल्या काट्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"हे बसवावं लागतं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, घाट आला की रेडिओ आपोआप आमच्याकडचं बोलायला लागतो."